आधी पाय सांगा

मिठागरात वाढलेल्या माणसाला टेनिसमधलं काय कळतं, असा प्रश्न मला जन्मभर विचारला गेला. खरं उत्तर असं, की फारसं काही कळत नाही. गुण पंधरा, मग तीस आणि मग एकदम चाळीस का होतात, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. मला कळते ती माती. मांडव्यापासून अलिबागपर्यंत मुंबईकरांच्या बंगल्यांमागे मातीची जी टेनिस कोर्टं आहेत, त्यांतली बरीचशी माझ्या हातची आहेत आणि माझ्या घरच्यांच्या पायांची आहेत. अलिबागेत कुणी 'काय करता?' विचारलं आणि मी 'कोर्टाचं काम' म्हटलं, की समोरचा आवाज खाली आणून जमिनीच्या दाव्याबद्दल सल्ला विचारायचा. आता धंदा पुतण्याकडे दिला आहे. तो सिंथेटिकची कोर्टं टाकतो, गुळगुळीत, निळी. त्याचं बरं चाललं आहे. मी तिकडे बघायला जात नाही.

आमचं गाव खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हात आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ पिकवायचं, हा घरचा उद्योग. यात खरी कसोटी त्या शेवटच्या वाफ्याच्या तळाची. तो पाटासारखा सपाट आणि चुलीच्या ओट्यासारखा टणक हवा. उंचसखल राहिला तर कुठे पाणी जास्त साचतं, कुठे कमी, आणि मीठ एकसारखं पिकत नाही. मऊ राहिला तर मिठात चिखल येतो आणि व्यापारी नाक मुरडतो. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला घरातली सगळी माणसं ओळीनं उभी राहून अनवाणी पायांनी तो तळ तुडवायची.

मिठागरं एकेक करून बंद पडली तेव्हा मी मुंबईत एका क्लबात माळीकामाला लागलो. तिथे पहिल्यांदा मातीचं टेनिस कोर्ट पाहिलं आणि मनात म्हटलं, अरे, हा तर आपला वाफा! नुसती मध्ये जाळी बांधली आहे.

कोर्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तळाला दगड, त्यावर खडी, त्यावर चाळलेला मुरूम, आणि सगळ्यांत वर बोटाच्या पेराएवढा थर, तांबड्या मातीचा आणि विटांच्या भुकटीचा. त्या थरात मीठ घालायचं. हे ऐकून लोकांना हसू येतं. पण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि कोर्टाची धूळ होऊ देत नाही. बापानं जन्मभर पाण्यातून मीठ बाहेर काढलं आणि मी ते पुन्हा मातीत घातलं, एवढाच काय तो आमच्या दोघांच्या धंद्यातला फरक. अशा मातीवर चेंडू पडला की खूण उठते आणि खेळाडू घसरला की पट्टा उठतो. सामना संपला की कोर्टावर सगळा खेळ उमटलेला असतो. मग रुंद ब्रश ओढून तो पुसायचा, पाणी शिंपायचं, आणि दुसऱ्या दिवशीसाठी कोर्ट कोरं करून ठेवायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. कोर्ट नेहमी दक्षिणोत्तर आखतात, म्हणजे मावळतीचं ऊन कुणाच्याच डोळ्यांत जात नाही. एका शेटजींच्या वास्तुतज्ज्ञानं सांगितलं, पूर्वपश्चिमच हवं, लक्ष्मी तिकडून येते. मी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावणं माझ्या स्वभावात नाही. बांधून दिलं. पहिल्याच संध्याकाळी शेटजींना समोरून आलेला चेंडू दिसला नाही, तो थेट कपाळावर बसला. हल्ली तिथे राखणदाराची बायको पापड वाळवते. ऊन मात्र उत्तम लागतं.

किहीमच्या एका बंगल्यातून सकाळीच फोन आला, की कोर्टावर कुणीतरी दुष्टाव्यानं भोकं पाडली आहेत, पोलिसांत जाऊ का? जाऊन पाहिलं तर खेकड्यांची बिळं. ओलसर, खारट, मऊ जागा त्यांना आयती मिळाली होती. माझी बायको सुमन बादली घेऊन आली आणि दुपारपर्यंत सगळे आरोपी पकडले. त्या दिवशी तिनं मजुरी मागितली नाही, घरी कालवण झालं.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही. जो खेळेल त्यानं स्वतः कोर्ट झाडायचं. हा नियम माझा नाही, मातीच्या कोर्टांवर सगळीकडेच तो आहे. पण आपल्याकडे ब्रश हातात घ्यायचा म्हटलं की मोठ्या माणसांना एकदम कंबरदुखी आठवते. एका निवृत्त साहेबांनी झाडायला ड्रायव्हरला पाठवलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, उद्या खेळायलाही तूच ये. साहेब आठवडाभर रुसले, मग झाडू लागले, आणि पुढे पाहुण्यांना माझ्याहून कडकपणे नियम सांगू लागले.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा अशाच गमतीजमती लिहाव्यात असं ठरवलं होतं. पण गेले काही दिवस दुसरंच आठवतंय. किहीमला आलेल्या एका अमेरिकन मुलीचं आणि तिच्या बापाचं.

मुलीचं नाव ॲबी, बापाचं डॅन. ॲबी एकविशीची, व्यावसायिक टेनिस खेळणारी. डॅन तिचा बाप आणि तोच प्रशिक्षकही. हिवाळ्यात आपल्या देशात छोट्या व्यावसायिक स्पर्धा होतात, त्या खेळायला दोघं आले होते. किहीमच्या एका बंगल्याचे मालक अमेरिकेत त्यांचे शेजारी. त्यांनी बंगला राहायला दिला आणि मला फोन करून सांगितलं, "पाटील, कोर्ट तुमच्या ताब्यात, पाहुणेही तुमच्या ताब्यात." सुमन त्यांच्या स्वयंपाकाला जाऊ लागली, मी कोर्टावर.

पहिल्या दिवशी डॅननं मुलीची ओळख करून दिली ती अशी : ही ॲबी, सर्वांत वरचा क्रमांक इतका, मातीवर इतके सामने जिंकले, इतके हरले, शेवटच्या मोसमात इतके. मी मान डोलावत राहिलो. सुमन बाजूला उभी होती. घरी जाताना ती म्हणाली, "बापूस पोरीचा नाव सांगतं न लगेच आकडं. पोर काय वजनकाट्यावर ठेवलीय?"

डॅनच्या फोनवर एक पान कायम उघडं असायचं. व्यावसायिक खेळणाऱ्या प्रत्येकाचं असं पान नेटवर असतं, हे मला त्याच्याकडून कळलं. कुणाशी खेळली, कुठल्या फेरीत, काय निकाल. सिमेंटवर किती जिंकली, गवतावर किती, मातीवर किती. आजचा क्रमांक काय. मातीचा रकाना वेगळा ठेवतात हे पाहून मला बरं वाटलं. ॲबीच्या पानावर आधी बहुतेक विजयच होते. अठराव्या वर्षी तिनं एका नावाजलेल्या खेळाडूला हरवलं होतं. ती ओळ डॅन बोट ठेवून दाखवायचा, आणि एकदा दाखवलेली आहे हे विसरून पुन्हा दाखवायचा. मग पान अचानक कोरं. तिच्या उजव्या पायाच्या मधल्या हाडाला चीर गेली होती.

टेनिसमध्ये क्रमांक गेल्या वर्षभराच्या गुणांवर असतो. वर्ष उलटलं की जुने गुण पिकल्या पानांसारखे गळून पडतात, झाडाला धरून ठेवता येत नाहीत. दुखापतीमुळे घरी बसलेल्या खेळाडूला जुना क्रमांक काही काळापुरता वापरू देतात, म्हणजे त्याला अगदी तळापासून सुरुवात करावी लागत नाही. ॲबीचा तो काळ संपत आला होता. या हिवाळ्यातल्या स्पर्धा खेळल्या तर ती पुन्हा शिडीवर चढणार होती. नाही खेळली तर एवढ्या वर्षांची कमाई जाणार होती. आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरांनी बजावलं होतं, हाड जुळलेलं नसताना ताण दिला आणि ते पुन्हा मोडलं, तर खेळणं सोडाच, धड चालता येईल याचीही खात्री नाही. पण हाड आता जुळलं आहे, असं डॅन म्हणायचा. ॲबीही तसंच म्हणायची. पुढच्या स्पर्धा सिमेंटवर होत्या. त्याआधी पायाला सवय व्हावी म्हणून मऊ मातीवर सराव करायला ते माझ्या कोर्टावर आले होते.

मुलगी गुणाची. खेळताना तोंडातून शब्द नाही, चुकली तरी रॅकेट आपटणं नाही. सुमनला ती ताई म्हणायची. तांदळाची भाकरी तव्यावर फुगताना बघायला ओट्यापाशी जाऊन उभी राहायची, आणि सुका बोंबील भाजायला घेतला की नाक दाबून बाहेर पळायची. माझा झाडण्याचा नियम तिला पहिल्याच दिवशी सांगितला, तेव्हा ती हसून म्हणाली, आमच्याकडेही हेच असतं. सराव संपला की पाणी प्यायच्याही आधी ती ब्रश घ्यायची आणि मागच्या रेषेपासून सगळं कोर्ट साफ करून टाकायची. डॅन एकदा म्हणाला, थोडं राहू दे, मला तुझ्या पायांच्या खुणा बघायच्या आहेत. ती म्हणाली, मिस्टर पाटील रागावतील. माझं नाव पुढे केल्यावर मी तरी काय बोलणार? उलट मला कौतुकच वाटलं. पुतण्याला मी तिचं उदाहरण देत असे.

त्यांचा पहिल्या स्पर्धेला जायचा दिवस जवळ आला आणि अवकाळी पावसानं गाठलं. एका दुपारी वारा सुटला, नारळाच्या झावळ्या अंगणभर पडल्या आणि तासाभरात कोर्टाचा वरचा थर वाहून कुंपणाशी जाऊन बसला. डॅन बिचारा कपाळाला हात लावून उभा. जाण्याआधी निदान दोनतीन दिवस तरी सराव हवा होता. त्यानं रोलरकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, रोलर नाही चालणार. नवा थर घालायचा तो ओलाच घालावा लागतो आणि ओल्यावर रोलर फिरवला की तो थर सोलून चाकाला चिकटतो. आधी पायांनी तुडवायचं, तळ धरला की मग रोलर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरची माणसं बोलावली. पुतण्या, त्याची बायको, माझे दोघे मेहुणे आणि ओळीची मुकादम म्हणून सुमन. तुडवणीत मुकादम बाईच असते, आमच्याकडची रीतच तशी आहे, कारण बायकांना ओळ सरळ ठेवता येते. माती पसरून तयार झाली तेव्हा ॲबी बूट काढून आली. तिला पण तुडवायचं होतं. डॅननं तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःही मोजे काढू लागला. म्हणाला, माझ्या मुलीसाठी कोर्ट होतंय, मी काय खुर्चीत बसू?

आता इथे आमची एक रीत सांगायला हवी. तुडवणी सुरू करण्याआधी मुकादम प्रत्येकाला पाय विचारते. ज्याचा पाय दुखत असेल, टाच फुटली असेल, काटा रुतला असेल, त्यानं तसं सांगायचं आणि त्या दिवशी बाहेर बसायचं किंवा कडेचं हलकं काम घ्यायचं. त्यात लाज नाही, कुणी हसत नाही. कारण प्रत्येकाला कोर्टाची एक उभी पट्टी नेमून दिलेली असते आणि दोन्ही पायांवर सारखा भार देत ती पुरी करायची असते. एक पाय चोरला तर पट्टी वाकडी बसते आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. म्हणून आमच्यात म्हणायचे, दुखणं घरी लपवावं, वाफ्यात सांगावं.

सुमननं ओळीनं विचारलं. एका मेहुण्याच्या तळव्याला भेग होती, तो बाहेर बसला. डॅनला मी प्रश्न समजावून सांगितला. त्यानं लगेच डावा गुडघा पुढे करून व्रण दाखवला, तरुणपणी ऑपरेशन झालं होतं म्हणे. सुमननं त्याला कडेची अर्धी पट्टी दिली. आपल्याला सवलत मिळाली म्हणून त्याला गंमत वाटत होती. मग ॲबी.

"बाय, तुजा पाय?" सुमननं विचारलं.

ॲबीला एवढं मराठी कळत होतं. "चांगला," ती म्हणाली.

सुमननं तिला मधली पट्टी दिली.

तुडवणी म्हणजे नुसतं चिखलात नाचणं नव्हे. टाच आधी, मग चवडा, मग वीतभर पुढे. सुमन हुंकारावर ताल देत होती आणि ओळ तिच्यामागून सरकत होती. ॲबीला ताल चटकन जमला. डॅन आमच्याकडे बघत बघत पाऊल टाकायचा, दोनदा घसरला, हसला. कितीतरी दिवसांत तो फोन न बघता इतका वेळ राहिला असेल असं मला वाटत नाही. ऊन चढेपर्यंत कोर्ट तुडवून झालं. सगळे थकून कडेला आले.

मग पाण्याची पारख असते. झारीनं सगळीकडे सारखं पाणी सोडायचं आणि थोडा वेळ थांबायचं. तळ सपाट असेल तर पाणी सगळीकडे एकसारखं मुरतं. मी पाणी सोडलं. चहा आला. आम्ही कप हातात घेऊन बघत होतो.

कोर्ट मुरत गेलं, मधल्या पट्टीवर मात्र पाणी राहिलं. एका बाजूनं, ओळीनं, डाव्या टाचेचे खोलगट ठसे पाण्यानं भरले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजव्या बाजूला ठसा असा नव्हताच. नुसती चवड्याची कड टेकल्याच्या खुणा होत्या. सबंध सकाळ तिनं उजवी टाच मातीला लावली नव्हती.

पुतण्यानं चहाचा कप खाली ठेवला. मी डॅनकडे पाहिलं. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, इतकी वर्षं तो मुलीचे पायच तर बघत आला होता.

सुमन उठली, ॲबीजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाय गो, तुजा पाय दुखतं. आदी कशाला न्हाय सांगितलास? चल, भायेर बस."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मेहुण्याला सांगावं तसंच सांगितलं. ॲबीला त्यातले शब्द किती कळले असतील कोण जाणे, पण ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. एवढ्या दिवसांत एकदाही आवाज न चढवलेली मुलगी, ती अशी रडली की राखणदार फाटकापासून धावत आला.

डॅननं विचारलं, "केव्हापासून?"

"इथे यायच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज सकाळी उठून ते पान उघडतोस, डॅड. त्या कोऱ्या जागेखाली एक तरी ओळ यावी म्हणून तू नोकरी सोडलीस, माझ्यामागे गावोगाव फिरतोस. मी काय सांगणार होते?"

त्यांचं इंग्रजी मला एरवी अर्धंच कळायचं. त्या दिवशी सगळं कळलं. आणि ती सराव संपल्याबरोबर ब्रश का घ्यायची, तेही कळलं. माझा नियम तिच्या कामाचा होता.

मला वाटलं डॅन ओरडेल. मी बाप आहे, बाप घाबरला की आधी ओरडतो हे मला ठाऊक आहे. पण त्यानं खिशातून फोन काढला, चिखलात पडू नये म्हणून सुमनच्या हातात दिला, आणि पुन्हा कोर्टात उतरला. मधल्या पट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि ती पट्टी पहिल्यापासून तुडवू लागला. टाच, चवडा, वीतभर पुढे. मुलीच्या एकेका ठशावर पाय देत.

मी त्याला थांबवायला निघालो. एकतर त्याचा गुडघा, आणि दुसरं म्हणजे कामाच्या दृष्टीनं ते चुकीचं होतं. पाणी साचलेल्या जागी लगेच तुडवलं तर चिखल वर येतो. सुमननं माझा सदरा धरला.

"ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "तुडवूं द्या त्याला."

तो रडत होता की घाम होता, मी बघायला गेलो नाही. ॲबी मात्र रडायची थांबून त्याच्याकडे बघत होती. पट्टी काही धड झाली नाही. ती मला नंतर उकरून पुन्हा करावी लागली.

त्याच दिवशी आम्ही तिला अलिबागला नेलं. फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांनी तो बराच वेळ उजेडासमोर धरला आणि मुंबईला जायला सांगितलं. मुंबईत कळलं, जुनी चीर भरलेलीच नव्हती. सिमेंटवर एक सामना खेळली असती तरी हाड दुभंगलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डॅननं सगळ्या स्पर्धांमधून तिचं नाव काढून घेतलं. राखीव क्रमांकाचा काळ संपला आणि तो क्रमांकही गेला. निघायच्या दिवशी मांडव्याच्या धक्क्यावर ती कुबड्या घेऊन उभी होती. सुमननं तिला पापड दिले. ॲबी म्हणाली, पाय बरा झाला की पुन्हा येईन आणि माझी पट्टी मीच तुडवीन. डॅन माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला.

मी ते कोर्ट पुन्हा उभं केलं. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं कोर्ट दुसरं झालं नाही, असं मी आजही सांगेन. पण ज्या मुलीसाठी केलं ती त्यावर एक चेंडूही खेळली नाही. मालकांचं येणं कमी झालं. मातीचं कोर्ट रोज पाणी मागतं, माणूस मागतं, कोण देणार? आता तिथे पुतण्या निळं सिंथेटिक टाकणार आहे. त्यानं मला विचारलं, काका, वाईट वाटेल का? मी म्हटलं, वाटेल, पण तू टाक.

फोनवर ते पान उघडायला मी पुतण्याकडून शिकून घेतलं होतं. अधूनमधून बघायचो. ॲबीचं नाव, जुने विजय, मग एक कोरी जागा, तिच्याखाली काही नाही. क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ. मिठागर बंद पडल्यावर बाप बांधावर जाऊन उगाच कोरडा वाफा बघत बसायचा, तसा मी ते पान बघत बसायचो. डॅनचा फोन यायचा, पण दोन वाक्यांपलीकडे आमचं बोलणं जात नसे. हाड भरतंय म्हणायचा, वेळ लागेल म्हणायचा. त्याला आकडे नसले की काय बोलावं ते सुचत नाही, असं मी सुमनला म्हणायचो.

परवा सकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. सुमन सुकवायला मासळी पसरत होती. डॅनचा फोन आला. ॲबी सामना खेळली, म्हणाला, आताच मैदानावरून येतोय. छोटीशी स्पर्धा, मातीचं कोर्ट, प्रेक्षक म्हणजे तो आणि एक कुत्रा. मग तो बोलतच सुटला. ती दोन्ही बाजूंना घसरत होती म्हणाला, उजवीकडेसुद्धा, न बिचकता. एकदा पडली आणि स्वतःच हसत उठली. सामना झाल्यावर पायाला बर्फ लावायला गेलो तर तिनं हाकलून दिलं. आता शेजारी बसून एवढं मोठं सँडविच खातेय, तुम्हा दोघांना नमस्कार सांगतेय. आणि काय सांगू, मिस्टर पाटील, ती आज जिने धावत उतरली. ते वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. मी नुसतं हं, हं करत राहिलो. मग त्यानं निरोप घेऊन फोन ठेवला.

सुमननं मासळीवरून मान वर केली. "पोर जिंकली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. त्यानं ते सांगितलंच नव्हतं.